सासूबाई पास, मेनू नापास

आमची सून मेनू करते. लग्न ठरत होतं तेव्हा हे ऐकून हिला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की मुलगी हॉटेलात कामाला आहे आणि तिच्या घरचे ते जरा फिरवून सांगताहेत. "करेना का, कष्टाचं काम आहे," असं म्हणून हिनं मोठ्या मनानं होकारही देऊन टाकला. खरा उलगडा पुढे सुनेनंच केला. फोनवर एखादं ॲप उघडलं की वर नाहीतर कडेला काही शब्द दिसतात. त्यावर बोट ठेवलं की आपण आत कुठेतरी जातो. त्या शब्दांना मेनू म्हणतात. कोणता शब्द ठेवायचा, कोणता कोणाच्या पोटात घालायचा, काय वर आणि काय खाली, हे ठरवणं तिचं काम.

"म्हणजे घरातली कुठली वस्तू कुठल्या कपाटात, तसं," मी म्हणालो.

"अगदी तसंच, बाबा. फक्त या घरात येणारा माणूस परका असतो, आणि त्याला विचारायला घरात कोणी नसतं."

मला ही व्याख्या फार आवडली. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि अजूनही दुपारी आसपासची पाच-सहा मुलं पाढे आणि वाचन घेऊन माझ्याकडे येतात. एवढ्या थोड्या शब्दांत मुलांना समजेल असं सांगणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं.

पण सुनेच्या ऑफिसात तिचं हे कसब अजून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिचे साहेब कोणतंही काम पुढे करताना "दोन मिनिटांचं तर आहे" असं म्हणत, म्हणून घरात त्यांचं नाव दोनमिनिटे पडलं होतं. दोनमिनिट्यांनी तिला आल्यापासून बटणांचे रंग ठरवायला बसवलं होतं. हिरवं जरा फिकट, निळं जरा गडद. घरी आली की ती भाजीकडेसुद्धा संशयानं बघायची. मग एकदाचं तिच्या हाती खरं काम आलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या ॲपचा मेनू तिनं एकटीनं नव्यानं बांधायचा होता. पुढच्या महिन्याच्या अखेरीला हॉस्पिटलच्या हॉलमध्ये खरे पेशंट बोलावून त्याची परीक्षा होणार होती. पेशंटना वाट सापडली तर पुढची सगळी कामं तिची. ते हरवले तर ती परत बटणांच्या रंगांत. दोनमिनिट्यांनी हे तिला हसत हसत सांगितलं होतं, पण ती घरी येऊन सांगताना हसली नव्हती.

जुना मेनू बघितला तर तिची बाजू मला लगेच पटली. हॉस्पिटलातल्या प्रत्येक विभागानं आपलं नाव त्यात घुसवलं होतं आणि कुणी कुणाच्या खाली बसायला तयार नव्हतं. मोठ्या घरात सगळे काका एकाच फोटोत पहिल्या रांगेत उभे राहावेत, तसा तो मेनू दिसत होता. सुनेनं आठवडाभर कागदाच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरून त्यांच्या जोड्या लावल्या, भांडणं सोडवली आणि शेवटी मोजकेच शब्द ठेवले: बाह्यरुग्ण सेवा, निदान, देयके, रुग्ण संबंध. शब्द हॉस्पिटलचेच होते. रोज त्यांच्या बैठकांना बसून ते तिच्या कानांना इतके सरावले होते की तिला ते साधे वाटू लागले होते.

आता हा मेनू कुणावर तरी करून बघायला हवा होता. ही गुडघ्यांसाठी त्याच हॉस्पिटलात जाते. फोन वापरते, पण फोनला घाबरते. सुनेच्या दृष्टीनं याहून योग्य गिऱ्हाईक दुनियेत नव्हतं.

रोज संध्याकाळी चहाचे कप उचलले की परीक्षा सुरू व्हायची. ही टेबलाच्या एका बाजूला, सून समोर, मध्ये फोन. सून विचारायची, "आई, समजा तुम्हाला रक्ताचा रिपोर्ट बघायचाय. तर तुम्ही कुठे जाल?" मग हिचं बोट फोनवर तरंगायला लागायचं. दुधाच्या पातेल्याभोवती मांजर फिरतं तसं ते इकडून तिकडे जायचं, थबकायचं, पुन्हा फिरायचं, आणि एकदम झडप घालायचं. बरोबर. सून विचारायची, पैसे भरायचेत. तरंग, थबक, झडप. बरोबर. डॉक्टरांची वेळ बदलायची. बरोबर.

पहिल्या दिवशी तर कमालच झाली. ॲपच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांची एक खूण होती. त्यावर बोट ठेवलं की मेनू उघडतो, हे फोन वापरणाऱ्या तरुण मंडळींना म्हणे जन्मतःच माहीत असतं. सून श्वास रोखून त्या कोपऱ्याकडे बघत होती. हिनंही तिकडे बघितलं, आणि हिला वाटलं की काचेवर काहीतरी डाग पडलाय. तो पुसायला गेली आणि मेनू उघडला. सुनेनं टाळ्या वाजवल्या. हिनंही, काय झालं ते न कळता, नम्रपणे मान हलवली.

असे तीन आठवडे गेले. सून मेनूत रोज काहीतरी बदलायची. आज निदान वर, उद्या खाली. आज रिपोर्ट या पोटात, उद्या त्या पोटात. ही प्रत्येक वेळी पास. मेनू रोज बिनचूक ठरत चालला. सुनेच्या चेहऱ्यावर तेज आलं, आणि हिच्या चालीत. गुडघ्याच्या व्यायामाला गेली की तिथल्या बायकांना ही "आमच्या ॲपमध्ये" असं म्हणून सुरुवात करायची. एका बाईनं विचारलं, तुम्ही करता काय तिथे. ही म्हणाली, मी तपासते.

आमचे चिरंजीव परगावी नोकरीला असतात आणि सुट्टीला येतात. त्यांनी एकदा जेवताना शंका काढली की ज्या बाईला टीव्हीचा आवाज कमी करायला शेजारच्यांना बोलवावं लागतं, ती ॲपमध्ये एकदाही चुकत नाही, हे कसं. त्यांना दोन्हीकडून अशी नजर मिळाली की ते उरलेलं जेवण मान खाली घालून जेवले.

मलाही एकदा खटकलं होतं. एका संध्याकाळी ही सगळ्या प्रश्नांत पास झाली, आणि उठताना माझ्या लक्षात आलं की हिचा वाचायचा चष्मा माझ्या खिशात आहे. पण म्हटलं, सवय झाली असेल. मुलांनाही धडा पाठ झाला की पुस्तक उलटं धरून वाचता येतं.

मग परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सुनेचे डोळे आले.

डोळे सुजले, लाल झाले, पाणी गळायला लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरातही काळा गॉगल लावून राहायला सांगितलं. कुणी दुसरी असती तर पडून राहिली असती. ही पोरगी गॉगल लावून, तोंडाला रुमाल बांधून, टेबलाच्या दूरच्या टोकाला येऊन बसली. दरोडा घालायला आलेला माणूस आधी चहा घेतोय असं वाटत होतं.

"आई, समजा तुम्हाला रक्ताचा रिपोर्ट बघायचाय."

हिचं बोट तरंगायला लागलं. थबकलं. पुढे गेलं, मागे आलं. हिनं सुनेकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. बोट देयकांवर उतरलं. चूक. मग बाह्यरुग्णवर. चूक. मग त्या तीन रेघा पुन्हा पुसून बघितल्या. मेनू बंद झाला. ते तरंगणारं बोट बघून मलाच घाम फुटला. सुनेनं दुसरा प्रश्न घातला, तिसरा घातला. एकही जमेना. शेवटी ही वैतागली.

"काढ बाई तो गॉगल," ही म्हणाली. "त्याशिवाय मला मेनू दिसत नाही."

हिच्या लक्षात आलं नव्हतं की आपण काय बोललो. सुनेच्या लक्षात यायला लागलं होतं. माझ्या तर डोक्यात सगळे दिवे एकदम लागले, आणि त्यांच्याखालचा अंधारही दिसला.

कारण ही गोष्ट मला माहीत नसेल तर कोणाला. लहान मुलाला विचारा, सात साते किती. ते तुमच्याकडे बघत सुरू करतं, सत्तेचाळीस, तुमची भुवई जरा उचलते, अट्ठेचाळीस, तुमचे ओठ सुटायला लागतात, एकोणपन्नास. तुम्ही म्हणता शाब्बास. त्याला सात येत नसतात, त्याला तुम्ही येत असता. म्हणून मी पाढे विचारताना नेहमी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. आणि माझ्याच टेबलावर तीन आठवडे सासू सुनेचं तोंड वाचत होती आणि मी चहाचे कप उचलत होतो.

मी सुनेला हे हळू समजावून सांगितलं. हिचं बोट जेव्हा योग्य जागेजवळ जायचं तेव्हा सुनेच्या भुवया वर जात असणार, श्वास थांबत असणार, मान पुढे येत असणार. चुकीच्या जागी गेलं की चेहरा पडत असणार. हिला मेनू वाचायची गरजच पडली नव्हती. मेनू समोर बसला होता, दोन डोळे आणि एक नाक घेऊन.

सुनेनं गॉगल काढला नाही, पण त्याच्या आतून पाणी आलं. ते डोळे आल्याचं होतं की दुसरं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तीन आठवडे ज्याला ती मेनूचं यश समजत होती ते तिच्या भुवयांचं यश होतं. आणि परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्यात ही फुरंगटली. "म्हणजे मी नापास," असं म्हणून फोन सरकवून दिला. व्यायामाच्या बायकांना आता काय सांगायचं, हे हिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला चष्म्याचीही गरज नव्हती.

सून उठली, हिच्याजवळ आली आणि संसर्गाचं लक्षात येऊन पुन्हा दोन पावलं मागे गेली. "आई, तुम्ही पासच आहात," ती म्हणाली. "नापास मेनू झालाय. तो तुम्हाला वाट दाखवत नव्हता, मी दाखवत होते. आणि तिथे मी प्रत्येक पेशंटच्या समोर बसणार नाहीये."

हिनं फोन पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, बघू उद्या.

डोळे निवळले तसा सुनेनं ठरवलं की आपण चेहरा दगडाचा करायचा. ताकास तूर लागू द्यायची नाही. शिकवणं हा माझा धंदा, तेव्हा ती शिकवणी माझ्याकडे आली. दुपारी मुलं जमली की मी तीन पेले उपडे ठेवले, एकाखाली खडू लपवला आणि तो कुठे आहे हे फक्त सुनेला सांगितलं. मुलांनी खडू शोधायचा आणि सुनेनं निर्विकार बसायचं. मुलांनी पेल्यांकडे बघितलंच नाही. ती सगळी रांगेनं सुनेच्या तोंडासमोर बसली, एकीनं हात हळूहळू पेल्यांवरून फिरवला, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं, हा. खडू निघाला. पुन्हा केलं. पुन्हा निघाला. सुनेनं ओठ मिटले, तर हनुवटी बोलायला लागली. हनुवटीवर हात ठेवला, तर कान लाल झाले.

"काकू, तुमचं नाक फुगतं," सगळ्यांत लहान चिमुरडीनं तिला समजुतीनं सांगितलं.

मुलांना तो खेळ इतका आवडला की पाढे राहूनच गेले, आणि मीही त्यांची आठवण करून दिली नाही. पण निकाल स्वच्छ होता. काही माणसांचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी असते. ती बंद करायला गेलं तर काच फुटते.

मग सुनेनं स्वतःलाच तिथून उठवायचं ठरवलं. ती आतल्या खोलीत, मध्ये पडदा, आणि टेबलावर हिच्याजवळ मी. प्रश्न मी वाचायचे. मला उत्तरं माहीत नव्हती, त्यामुळे माझ्या चेहऱ्याचा कोणालाच उपयोग नव्हता. त्या कामासाठी हीच माझी पात्रता होती.

पहिला प्रश्न घातला. हिचं बोट निघालं. बाह्यरुग्णच्या जवळ गेलं, थबकलं, निदानकडे वळलं, आणि तेवढ्यात पडदा हलला.

"हां, हेच असणार," ही म्हणाली.

सुनेला बाल्कनीत पाठवून दार लावून घेतलं, तेव्हा कुठे परीक्षा सुरू झाली.

आणि मग मेनूचं खरं रूप बाहेर आलं. मी हिला सांगितलं होतं की मनात येईल ते मोठ्यानं बोल, म्हणजे मी ते सुनेला जसंच्या तसं सांगीन. त्या गोष्टीला हिचा कधीच विरोध नसतो. बाह्यरुग्ण म्हणजे बाहेरगावचे, मी तर इथली, म्हणून हिनं तो शब्द सोडून दिला. देयके हा शब्द हिनं दोनदा वाचला आणि विचारलं, हे देणार आहेत की घेणार. रुग्ण संबंधवर बोट ठेवायला तर साफ नकार दिला. ज्यांचे कोणाचे काय संबंध असतील ते त्यांचं त्यांना, आपण कशाला उघडून बघायचं. रक्ताचा रिपोर्ट शेवटपर्यंत सापडला नाही. तो निदानच्या पोटात होता, हिच्या बोटाखालीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होतो. पण चूक वळसा घालणाऱ्याची नव्हती. कळशाला कुणी भलतंच नाव दिलं होतं.

सून बाल्कनीतून आली. मी सगळं सांगितलं. ती खाली बसली. मग तिनं हिला अगदी वेगळा प्रश्न विचारला. कुठे जाल असं नाही, तर हॉस्पिटलच्या दारात शिरताना तुम्ही मनात काय म्हणता.

ही म्हणाली, काय म्हणणार. मला डॉक्टरांना भेटायचंय. माझा रिपोर्ट हवाय. पैसे भरायचेत. आणि यातलं काही जमलं नाही तर कुणाशी तरी बोलायचंय.

सुनेनं जुने शब्द काढून टाकले आणि हे ठेवले. डॉक्टरांची वेळ. माझे रिपोर्ट. पैसे भरा. आमच्याशी बोला. तीन रेघांच्या खुणेशेजारी साध्या अक्षरांत मेनू असं लिहिलं, म्हणजे ती कुणी पुसायला जाऊ नये. दोनमिनिट्यांना ते शब्द बालवाडीतले वाटले. हॉस्पिटलच्या व्यवस्थापक बाईंना विभागांच्या नावांचा अभिमान आहे, त्या चिडतील, असं त्यांनी बजावलं. सून म्हणाली, पेशंट ठरवतील.

परीक्षेच्या दिवशी हिनं आम्ही दोघांनी गेलंच पाहिजे असा हट्ट धरला. हिला मेनू पाठ असल्यामुळे परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणून आम्हाला हॉलच्या मागच्या रांगेत जागा मिळाली. बसल्याबरोबर हिनं पर्समधून सुनेचा काळा गॉगल काढला आणि लावला. मी बघत राहिलो तर म्हणाली, माझ्या तोंडाकडे बघून कुणी कॉपी करायला नको.

पहिला पेशंट एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर होता, हात गळ्यात बांधलेला. सून शहाणपणानं त्याच्या पाठीमागे, दूर उभी राहिली. पण दोनमिनिटे फोनच्या समोरच येऊन बसले, शेजारी व्यवस्थापक बाई. हे काम हातचं जाऊ नये म्हणून साहेबांचा जीव वरखाली होत होता, आणि तो त्यांच्या हनुवटीत येऊन बसला होता. ड्रायव्हरचं बोट वर जायला हवं असलं की हनुवटी वर, खाली हवं असलं की खाली. ट्रक मागे घेताना ड्रायव्हर क्लीनरच्या हाताकडे बघतो, तसा तो गृहस्थ फोनकडे न बघता साहेबांच्या हनुवटीकडे बघत होता. येऊ द्या, येऊ द्या, बस. रिपोर्ट सापडला. मग पैसे सापडले. व्यवस्थापक बाईंनी कौतुकानं मान हलवली.

मी सुनेकडे बघितलं. तिला दिसलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता, मग घासात खडा लागावा तसा तो मध्येच थांबला. दोन-तीन पेशंट असेच गेले असते तर काम तिचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. बटणांचे रंग कायमचे सुटले असते. माझ्या शेजारी ही गॉगलच्या आतून तिच्याकडे बघत होती आणि हिनं माझा हात घट्ट धरला होता.

सून पुढे आली. "साहेब, तुमची खुर्ची जरा भिंतीकडे फिरवाल?"

साहेबांना आधी कळलंच नाही. मग ते दबक्या आवाजात म्हणाले की सगळं छान चाललंय, सगळे पास होताहेत.

"तुमच्याकडे बघून होताहेत," सून म्हणाली. "मला ते मेनूकडे बघून व्हायला हवेत."

व्यवस्थापक बाईंनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे सांगितलं की यांनी साइड चांगली दिली. तेव्हा बाई उठल्या, त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली आणि बसल्या. मग साहेबांनाही वळावं लागलं. मोठी मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून ओळीनं बसलेली बघून मला माझा वर्गच आठवला. फक्त पाटी गळ्यात नव्हती.

आता खरी परीक्षा. ड्रायव्हरला नवा प्रश्न दिला, मग एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, मग कॉलेजातला एक मुलगा आणि त्याची आजी. कोणी थांबलं, कोणी चुकून परत आलं. शिवणकाम करणाऱ्या बाई मध्येच अडल्या आणि सवयीनं सुनेकडे वळून बघू लागल्या. सुनेनं घाईनं छताकडे बघितलं. मग बाईंनीही छताकडे बघितलं, तिथे काही नाही म्हटल्यावर फोनकडे, आणि मग स्वतःशीच वाचलं, माझे रिपोर्ट, आणि बोट ठेवलं. एकेक करून सगळ्यांना रिपोर्ट सापडले, पैसे भरायची जागा सापडली, डॉक्टरांची वेळ मिळाली.

एकच गोष्ट कुणालाही सापडली नाही. घेतलेली वेळ रद्द कशी करायची. सगळ्यांनी शोधली आणि सगळे हरले. साहेब भिंतीकडे तोंड करूनही अस्वस्थ झाले होते, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. सुनेचा चेहरा मात्र उजळला होता. साहेबांनी वळून तिला विचारलं की एवढं नापास होऊन हसू कसं येतं.

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. व्यवस्थापक बाई म्हणाल्या की आमचे डॉक्टर रोज रिकामे बसतात, कारण लोक वेळ घेतात आणि येत नाहीत. आम्ही समजत होतो लोकांना शिस्त नाही. हे आज कळलं नसतं तर आणखी वर्षभर आम्ही लोकांनाच नावं ठेवली असती. विभागांच्या नावांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. जाताना साहेबांना म्हणाल्या, हे रद्द करायचं कुठे ठेवायचं ते यांनाच ठरवू द्या, आणि पुढचंही.

साहेबांनी सवयीनं तोंड उघडलं, की ते तर दोन मिनिटांचं.

"आठवडा लागेल," सून म्हणाली. साहेबांनी तोंड मिटलं.

परतताना सासू-सून पुढे आणि मी मागे चालत होतो. ही सुनेला सांगत होती की व्यायामाच्या बायकांना आता ही नीट समजावणार आहे, की आपण नापास होणं हेच खरं महत्त्वाचं काम असतं आणि ते सगळ्यांना जमत नाही.

घरी आल्यावर हिनं सुनेसाठी चहा टाकला. मला गोड बंद असल्यामुळे ही बिस्किटांचा डबा रोज नव्या जागी लपवते आणि मी तो रोज शोधून काढतो. कसा, हे मी आजवर हिला सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि नेहमीसारखं एकेका कपाटाजवळून सावकाश चालायला सुरुवात केली. वरचं कपाट. खालचं. पिठाचे डबे. आणि प्रत्येक थांब्यावर, नेहमीसारखं, हिच्या तोंडाकडे एक नजर.

हिनं माझी नजर ओळखली. बराच वेळ ही माझ्याकडे बघत राहिली, इतक्या वर्षांचा हिशेब लागल्यासारखी. मग शांतपणे पर्स उघडली आणि काळा गॉगल लावला.

"हं," ही म्हणाली. "आता शोधा."